बाटली कोणाची? विद्यापीठातील सुरक्षा आणि घातक कचरा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

विद्यापीठांतल्या प्रयोगशाळा, कर्मशाळा आणि तिथून निघणारा कचरा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच गोष्टीबद्दलची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी विद्यापीठात सुरक्षा व पर्यावरण अधिकारी म्हणून नुकतीच नेमणूक झाली आहे. प्रयोगशाळा नेमक्या किती, हे कुणालाच सांगता येत नाही. नियमपुस्तिका, समित्यांची इतिवृत्तं असं सगळं कपाटात व्यवस्थित आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कपाटातल्या कागदांपासून नको. नवी नियमपुस्तिका लिहायलाही बसू नका, आहे तीच कुणी वाचलेली नसते. आधी खोल्यांची यादी करा आणि प्रत्येक खोलीपुढे एका माणसाचं नाव लिहा. ‘विभाग’ किंवा ‘समिती’ हे नाव नव्हे. ज्या खोलीपुढे नाव लिहिता येत नाही, तिथेच बेवारस बाटल्या, रिकामे म्हणून ठेवलेले भरलेले सिलिंडर आणि बंद पडलेला फ्रीज सापडतो.

कारखान्यात ठरावीक दहा-वीस रसायनं टनांनी असतात आणि ती हाताळणारी माणसं वर्षानुवर्षं तीच असतात. विद्यापीठात याच्या उलट. हजारो रसायनं, प्रत्येकाचे काही ग्रॅम किंवा मिलिलिटर, आणि हाताळणारा विद्यार्थी तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातो. तो जातो, बाटली राहते. त्यामुळे कारखान्यासाठी बनवलेली तपासणी-यादी इथे आणून लावली की गुण भरपूर मिळतात आणि धोका तसाच राहतो.

पहिल्या फेरीत फक्त आज रात्री जीव जाऊ शकेल अशा गोष्टी पाहा : अडवलेले बाहेर पडायचे मार्ग, साखळीने न बांधलेले सिलिंडर, आम्लाशेजारी ठेवलेली सायनाइडं, जुने ईथर, न चालणारी डोळे धुण्याची सोय. दुसऱ्या फेरीत साठ्याची यादी : रसायनाचं नाव, कॅस क्रमांक (प्रत्येक पदार्थाला दिलेला त्याचा एकमेव क्रमांक), प्रमाण, खोली, बाटली आल्याची आणि उघडल्याची तारीख. कॅस क्रमांकाचा आग्रह धरा. एकच पदार्थ तीन बाटल्यांवर तीन नावांनी असतो आणि नुसत्या नावांवर केलेली यादी फसवते. अग्निशामक दलाला द्यायची माहिती, घातक कचऱ्याचा वार्षिक हिशेब, परवान्यातल्या साठ्याच्या मर्यादा हे सगळं पुढे याच यादीतून निघतं.

मग दोन दारं अडवा. पहिलं खरेदीचं. मागणीपत्रात ‘उरलं तर विल्हेवाट कशी आणि कोणाच्या खर्चाने’ हा रकाना घाला. अर्धा लिटर पुरत असताना स्वस्त पडतं म्हणून अडीच लिटर मागवण्याची सवय त्यानेच कमी होते, कारण उरलेल्या दोन लिटरची विल्हेवाट बहुधा खरेदीपेक्षा महाग पडते. दुसरं दार निरोपाचं. विद्यार्थी किंवा प्राध्यापक जाताना फळी, फ्रीज आणि कचऱ्याचा डबा दुसऱ्या कुणीतरी सही करून ताब्यात घेतल्याशिवाय येणं-देणं नसल्याचा दाखला मिळता कामा नये.

आणखी एक गोष्ट नेमणुकीच्या पत्रातच मागून घ्या : काम तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार, लेखी. तो नसेल तर ज्येष्ठ प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत तुमचा अहवाल म्हणजे नम्र विनंती ठरतो.

प्रश्न : निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या कपाटात ईथरच्या दोन अर्धवट बाटल्या आणि पिक्रिक आम्लाची एक बरणी सापडली. एका बाटलीच्या झाकणाभोवती पांढरी पूड दिसते. झाकण उघडून पाहायचं का?

उत्तर : नाही. हलवायचीही नाही. खोली रिकामी करा, कुलूप लावा, दारावर सूचना चिकटवा आणि स्फोटक पदार्थ हाताळणाऱ्या तज्ज्ञांना बोलवा. छायाचित्र लांबून काढा, तेवढी माहिती त्यांना पुरते.

डायएथिल ईथर, टेट्राहायड्रोफ्युरान, डायऑक्सेन हे द्रव हवेतल्या ऑक्सिजनशी संथपणे क्रिया करून पेरॉक्साइडं तयार करतात. डायआयसोप्रोपिल ईथर त्यांत सर्वांत वाईट, कारण त्याची पेरॉक्साइडं बाटलीतच स्फटिकरूपाने बसतात. आटे असलेल्या झाकणाखाली असे स्फटिक असतील, तर झाकण फिरवताना होणारं घर्षण स्फोटाला पुरतं. बाटली फ्रीजमध्ये होती, हा दिलासा नाही. थंडीने क्रिया मंदावते, थांबत नाही. शिवाय साध्या घरगुती फ्रीजमध्ये दिव्याची आणि थर्मोस्टॅटची ठिणगी असते, ती ईथरच्या वाफेला पुरते.

पिक्रिक आम्ल निदान ३० टक्के पाणी घालून विकलं जातं. ते ओलं असेपर्यंत ठीक. वर्षानुवर्षं पडून वाळलं की ते धक्क्याने आणि घर्षणाने फुटू शकतं. धातूशी संयोग होऊन बनणारी पिक्रेटं त्याहून संवेदनशील, म्हणून बरणीचं झाकण धातूचं असेल तर तज्ज्ञांना फोनवर हे सर्वांत आधी सांगा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून : बाटली आल्याची आणि उघडल्याची अशा दोन्ही तारखा बाटलीवर लिहा. डायआयसोप्रोपिल ईथर उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवा किंवा कचऱ्यात द्या. डायएथिल ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरानसाठी सहा महिने ही सोयीची मर्यादा. मधल्या काळात पेरॉक्साइडच्या चाचणीपट्ट्या वापरा. लिटरमागे २५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तर तो द्रव वापरू नका, १०० च्या पुढे गेलं तर बाटलीलाच हात लावू नका. मात्र पट्टी ही फक्त स्वच्छ, ताज्या दिसणाऱ्या द्रवासाठी. स्फटिक, तळाशी तेलकट थर किंवा गढूळपणा दिसला की चाचणीचा विषय संपला.

ऊर्ध्वपातन करताना पात्र कोरडं होईपर्यंत कधीच तापवू नका. ईथर उडून जातं, पेरॉक्साइडं मागे साचत जातात, आणि बहुतेक स्फोट त्या शेवटच्या थेंबांत होतात. तळाशी पाचवा हिस्सा तरी राहू द्या. अन् विक्रेत्याने घातलेला प्रतिबंधक पदार्थ ऊर्ध्वपातनात निघून जातो, तेव्हा शुद्ध केलेलं ईथर साठवायचं नसतं.

प्रश्न : आमच्याकडे टाकाऊ द्रावकांचा प्लास्टिकचा कॅन रात्री फुगून फाटला. त्यात फक्त अॅसिटोन आणि मिथेनॉल होतं असं सगळे सांगतात. मग फाटला कसा?

उत्तर : अॅसिटोन आणि मिथेनॉल यांच्यात आपसांत वायू तयार होत नाही. त्यात तिसरं काहीतरी गेलं आहे, आणि पहिला संशय नायट्रिक आम्लावर घ्यावा. काचेची भांडी नायट्रिकने धुतली, मग अॅसिटोनने विसळली आणि दोन्ही एकाच कॅनमध्ये ओतलं, हा नेहमीचा क्रम. दुसरी शक्यता अशी की कॅनच आधी नायट्रिकचा होता आणि ‘रिकामा’ म्हणून पुन्हा वापरात आला. नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय द्रावक यांची क्रिया लगेच दिसेलच असं नाही. काही तास शांत राहून नंतर ती तापत जाते, वेग धरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडू लागतात. संध्याकाळी झाकण घट्ट लावून माणसं घरी जातात, म्हणून कॅन रात्री फुटतो. दोष झाकणाचा नसतो, पण घट्ट झाकणामुळे क्रियेचा स्फोट होतो.

निदान एवढे डबे वेगळे असावेत : क्लोरीन-ब्रोमीन असलेले द्रावक, ते नसलेले द्रावक, आम्लं, अल्कली, ऑक्सिडीकारक (नायट्रिक, परक्लोरिक, क्रोमिक, पेरॉक्साइड), सायनाइड आणि पारा. शेवटच्या तिघांत दुसरं काहीही जाऊ नये. सायनाइडमध्ये आम्ल गेलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो. विरंजक द्रव (ब्लीच) आम्लात गेला की क्लोरीन. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत हा दुसरा प्रकार रसायनशास्त्रापेक्षा जास्त घडतो, कारण तिथे विरंजक द्रव ‘साफसफाईचं सामान’ समजून कुठेही ओततात. आम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) आणि सल्फ्युरिक-पेरॉक्साइडचं धुलाई-मिश्रण साठवायचंच नसतं. लागेल तेवढं बनवा, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचून नेणाऱ्या, पुढे सरकती काच असलेल्या बंदिस्त ओट्यावर) उघड्या भांड्यात थंड आणि शांत होऊ द्या, बुडबुडे पूर्ण थांबल्यावर वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या झाकणाच्या कॅनमध्ये घाला.

कॅनवर ‘टाकाऊ’ एवढंच लिहून भागत नाही. घटकांची पूर्ण नावं, अंदाजे टक्के, पहिलं ओतल्याची तारीख आणि प्रयोगशाळेचा फोन लिहा. रासायनिक सूत्र किंवा प्रयोगवहीतलं लघुरूप नको, कचरा उचलणाऱ्याला ते वाचता येत नाही. कॅन नऊ-दशांशापेक्षा जास्त भरू नका, गरमीत द्रव प्रसरण पावतो. खाली तबक ठेवा, ज्यात सर्वांत मोठ्या कॅनमधलं सगळं मावून थोडी जागा उरेल. सर्वसाधारण हिशेब ११० टक्क्यांचा. ओतून झालं की नरसाळं काढून झाकण लावा. नरसाळं तसंच ठेवून द्रावक हवेत उडू देणं म्हणजे विल्हेवाट नव्हे, तो परवान्याबाहेरचा वायुउत्सर्ग आहे आणि निरीक्षकाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

आता तुमचा फाटलेला कॅन. कोणी काय ओतलं याची नोंद कॅनला दोऱ्याने बांधलेल्या कागदावर असती, तर ‘सगळे सांगतात’ यावर भिस्त ठेवावी लागली नसती. ही नोंद ओतणाऱ्यानेच, ओतण्याआधी करायची. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेला कागद निरुपयोगी.

प्रश्न : फ्यूम हूडवर ‘तपासणी उत्तीर्ण’ची चिठ्ठी आहे, तरीही खोलीत वास येतो. यंत्रणेचा दोष की वापरणाऱ्यांचा?

उत्तर : दोन्ही असू शकतात, पण बहुतेक वेळा हूडच्या आत काय ठेवलंय ते पाहावं लागतं. वार्षिक तपासणी बहुधा रिकाम्या हूडची होते. तोंडाशी हवेचा सरासरी वेग सेकंदाला ०.४ ते ०.६ मीटर आला की चिठ्ठी लागते. मग आत बाटल्यांची रांग लागते, मागच्या भिंतीची खालची फट झाकली जाते आणि हवा वाट सापडेल तिथून फिरते. उपकरणं काचेपासून निदान १५ सेंटीमीटर आत ठेवा. मोठं उपकरण पाच सेंटीमीटर उंचीच्या पायांवर उचला, म्हणजे खालून हवा जाईल. हूड हे कपाट नव्हे.

वेग वाढवून प्रश्न सुटत नाही, उलट बिघडतो. ०.७५ च्या पुढे हात आणि भांड्यांभोवती भोवरे तयार होऊन वाफ बाहेर खेचली जाते. धुराची नळी घेऊन स्वतः पाहा : हूड रोजच्यासारखा भरलेला असताना, शेजारचं दार उघडताना, मागून कुणी चालत जाताना आणि वातानुकूलनाचा झोत सुरू असताना. धूर बाहेर आला तर दोष आकड्यांत दिसत नसला तरी आहे.

काच खाली ओढण्याची सवय पर्यावरणाच्या हिशेबातही मोठी आहे. दीड मीटर रुंद हूडची काच ४५ सेंटीमीटर उघडी असेल आणि वेग ०.५ असेल, तर तासाला सुमारे १,२०० घनमीटर थंड किंवा गरम केलेली हवा बाहेर फेकली जाते. पण काच खाली घेतल्यावर पंख्याचा वेग आपोआप कमी होणारी यंत्रणा असेल तरच वीज वाचते. साध्या हूडमध्ये काच बंद करण्याचा फायदा फक्त सुरक्षेचा, आणि तोही कमी नाही. परक्लोरिक आम्ल तापवायचं असेल, तर मात्र पाण्याने धुतली जाणारी वेगळी नळी असलेला हूडच लागतो. साध्या नळीत परक्लोरेटं साचतात आणि पुढे दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या हातोड्याने फुटतात.

प्रश्न : द्रव नायट्रोजनचा २५ लिटरचा डबा लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर न्यावा लागतो. सोबत माणूस असावा ना?

उत्तर : लिफ्टमध्ये नसावा. एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. चार मीटर लांब, तीन रुंद, अडीच उंच खोली घ्या, म्हणजे ३०,००० लिटर हवा. २५ लिटर सांडले तर साधारण १७,५०० लिटर वायू, आणि तेवढीच हवा बाहेर ढकलली गेली असं धरलं तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ९ च्या आसपास येतो. दहाच्या खाली माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गुदमरल्यासारखं वाटत नाही, कारण ती जाणीव कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, ऑक्सिजन घटल्याने नव्हे. लिफ्ट तर या खोलीच्या काही हिश्शाएवढीच.

एक माणूस खाली डबा आत ठेवतो, दारात आडवी साखळी आणि ‘आत येऊ नका’ अशी पाटी लावून बटण दाबतो, दुसरा वर उभा राहून उतरवून घेतो. मधल्या मजल्यांवर लिफ्ट थांबणार नाही अशी किल्ली असेल तर उत्तम. साठवणीच्या खोलीत ऑक्सिजनचा गजर १९.५ टक्क्यांवर लावा आणि आकडा दाखवणारा पडदा दाराबाहेर बसवा. आत जाऊन वाचावा लागणारा आकडा कामाचा नाही. कोरड्या बर्फासाठी (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडसाठी) ऑक्सिजनचा गजर पुरत नाही. कार्बन डायऑक्साइड स्वतःच विषारी आहे आणि ऑक्सिजन गजराच्या पातळीला येण्याआधीच त्रास सुरू होतो, म्हणून त्याचा संवेदक वेगळा घ्यावा.

प्रश्न : ‘सर्व प्रयोगशाळा व कर्मशाळांत हातमोजे सक्तीचे’ असं परिपत्रक आमच्याकडे निघालं आहे. योग्य आहे का?

उत्तर : परिपत्रक मागे घ्यायला लावा. लेथ, ड्रिल किंवा कुठल्याही फिरत्या भागाजवळ हातमोजा घातला तर चकमध्ये (वस्तू घट्ट पकडून फिरवणाऱ्या भागात) अडकलेलं टोक अख्खा हात ओढून नेतं. तिथे उघडा हात, आखूड बाह्या, अंगठी काढलेली, केस बांधून टोपीत. धातूचा कीस हाताने नव्हे, ब्रशने काढायचा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २०११ मध्ये रात्री लेथवर एकटी काम करणारी विद्यार्थिनी केस अडकून मृत्युमुखी पडली. कर्मशाळेचा पहिला नियम ‘एकट्याने नाही’ हाच हवा.

रसायनांच्या प्रयोगशाळेतही ‘हातमोजे’ एवढं म्हणून भागत नाही. पातळ नायट्राइल मोज्यांमधून डायक्लोरोमिथेन हे द्रावक फार लवकर पार होतं. १९९६ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातल्या एका रसायनतज्ज्ञ प्राध्यापिकेच्या लेटेक्स मोज्यावर डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले, ते मोज्यातून आत गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मोज्यांच्या उत्पादकाचा पारगमन-तक्ता (कोणता पदार्थ मोज्यातून किती वेळात पार होतो ते सांगणारा) पाहून पदार्थागणिक मोजा ठरवा आणि द्रावक सांडला की लगेच बदला.

प्रश्न : जैविक कचऱ्याच्या पिशव्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची चिकटपट्टी काळी पडते, तरी जैविक निर्देशकात (चाचणीसाठी ठेवलेल्या बीजाणूंत) वाढ दिसते. कशावर विश्वास ठेवावा?

उत्तर : निर्देशकावर. पट्टी फक्त पिशवीबाहेर तापमान पोचलं एवढंच सांगते. निर्देशकातले जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूचे बीजाणू पिशवीच्या मध्यात ठेवले तरच आतलं कळतं. ते जगले, याचा अर्थ आत हवा अडकली आणि वाफ पोचली नाही. पिशवीचं तोंड गच्च बांधलेलं असतं, पिशवी ठासून भरलेली असते किंवा दोन-तीन पिशव्या एकावर एक असतात. तोंड सैल सोडा, तीन-चतुर्थांशाहून जास्त भरू नका, आत थोडं पाणी ओता आणि १२१ अंश सेल्सिअसला ३० ते ६० मिनिटं ठेवा. नेमका वेळ तुमच्या नेहमीच्या भरलेल्या पिशवीवर चाचणी करून ठरवा. विरंजक द्रव घातलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये कधीच नको, क्लोरीन सुटतो.

प्रश्न : भरपूर पाणी सोडून थोडं-थोडं बेसिनमध्ये ओतलं तर काय बिघडतं?

उत्तर : पाणी घालणं म्हणजे प्रक्रिया नव्हे. पारा किंवा क्रोमियम पातळ केल्याने नाहीसा होत नाही, सांडपाण्याच्या गाळात पोचतो. सोडियम अॅझाइड तर नळ्यांतल्या तांबं-शिशाशी क्रिया करून स्फोटक अॅझाइडं बनवतं, आणि ती पान्हा लावणाऱ्या प्लंबरच्या हाताखाली फुटतात. ज्याचा धोका फक्त आम्लतेचा किंवा अल्कलीपणाचा आहे, तेवढंच उदासीन करून, पीएच ६ ते ९ मध्ये आणून, स्थानिक परवान्यात बसत असेल तर सोडावं. त्याआधी इमारतीच्या नळ्यांचा नकाशा काढून घ्या. जुन्या इमारतींत एखादी जमिनीची जाळी थेट पावसाच्या गटाराला जोडलेली आढळते, आणि तिथे धुतलेली प्रत्येक गोष्ट प्रक्रियेविना नदीत जाते.

प्रश्न : ‘थोडक्यात वाचलो’ असे प्रसंग कुणीच नोंदवत नाही. सक्ती करावी का?

उत्तर : सक्तीने फॉर्म येतात, माहिती येत नाही. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तीन बोटं गेली. १०० मिलिग्रॅमपर्यंतच बनवायचा स्फोटक पदार्थ तिथे सुमारे १० ग्रॅम बनवला गेला होता आणि तो खलात घोटला जात होता. मर्यादा तोंडी होती, आणि त्याआधीचे छोटे प्रसंग नोंदवून इतरांपर्यंत पोचवले गेले नव्हते, असं चौकशीत दिसलं. म्हणून फॉर्म अर्ध्या पानाचा ठेवा, नाव ऐच्छिक ठेवा, चौकशी ‘कोणी केलं’ऐवजी ‘काय होतं म्हणून झालं’ अशी करा, आणि आठवड्याभरात काय बदललं ते नोंदवणाऱ्याला कळवा. ज्या नोंदीचं उत्तर येत नाही ती त्या माणसाची शेवटची नोंद असते. वाढलेल्या नोंदींसाठी विभागाला जाब विचारू नका. वर्षभर शून्य नोंद करणाऱ्या विभागाकडे आधी जा.

प्रश्न : डोळे धुण्याची सोय बसवली आहे. तिची देखभाल काय?

उत्तर : धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांत पोचता यावं, वाटेत दार किंवा स्टूल नसावं. दर आठवड्याला पाणी सोडून पाहा, नळीतलं गंजलेलं पाणी निघून जाऊ द्या आणि तारीख लिहा. पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसचं हवं. फार थंड पाण्यात कुणी १५ मिनिटं डोळे उघडे ठेवू शकत नाही आणि धुवायचं तर तेवढंच. त्वचेवर हायड्रोफ्लुओरिक आम्ल पडलं तर मात्र पाच मिनिटं धुऊन लगेच २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळत रुग्णालयात न्यायचं. हे आम्ल ज्या खोलीत आहे त्याच खोलीत ती ट्यूब हवी. तिची मुदत संपण्याची तारीख धुण्याच्या सोयीशेजारच्या नोंदपत्रकावर लिहून ठेवा, म्हणजे आठवड्याच्या पाहणीत ती नजरेखालून जाईल.